तेलाचं धान

आमच्या मोठेबाबांच्या मते जगात पीक एकच, ते म्हणजे धान. बाकी जे काही जमिनीतून वर येतं ते धानाचेच प्रकार. गहू म्हणजे चपातीचं धान, तूर म्हणजे वरणाचं धान, जवस म्हणजे चटणीचं धान. कापसाचा विषय निघाला की ते जरा अडखळायचे आणि मग म्हणायचे, "ते वऱ्हाडातल्या लोकायचं धान." मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सिंदेवाहीच्या पलीकडे, जंगलाला पाठ टेकून बसलेल्या आमच्या गावात ते जन्मले, आणि गावाबाहेरच्या जगाने आपल्याकडून काही शिकावं यासाठी शेवटपर्यंत उपलब्ध राहिले. मला चंद्रपूरला नोकरी लागली तेव्हा पेढा तोंडात टाकून म्हणाले, "म्हणजे महिन्याच्या महिन्याले धान भेटते म्हण ना." माझं अभिनंदन तेवढ्यावर आटोपलं.

धानातही त्यांचा खरा जीव होता पुंजण्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. धान कापलं की त्याचे भारे बांधायचे, खळ्यावर आणायचे आणि गोल रचत रचत उंच न्यायचे. कणसं आत, बुडखे बाहेर. वरून उतार असा द्यायचा की पाऊस आला तरी पाणी बाहेरच्या बाहेर निथळून जावं. हे पुंजणं. एकदा लावलं की धान आत सुखरूप, मग सवड होईल तेव्हा चुरायचं, म्हणजे मळायचं. मोठेबाबांचं पुंजणं बघायला शेजारच्या गावांतून लोक यायचे, असं मोठेबाबा सांगायचे. मी मात्र बघायला फिरताना नेहमी त्यांनाच पाहिलं. दिवाळी झाली की ते स्वखर्चाने आणि कुणीही न बोलावता गावातल्या प्रत्येक खळ्यावर जात, पुंजण्याभोवती एक फेरी मारत, तळहाताने थोपटत आणि निकाल देत, "बरं हाय. बकरीले बसाले कामी येईन."

माणसांची पारखही याच मापाने. माझ्यासाठी राजुऱ्याकडचं एक स्थळ आलं होतं, मुलगा कोळशाच्या खाणीत इंजिनियर. चहा झाला, पोहे झाले, पगार विचारून झाला. मोठेबाबा तोवर गप्प होते. मग म्हणाले, "बाकी सारं ठीक हाय जी. पन पुंजनं लावता येते का?" त्या बिचाऱ्याने घाम पुसत कबूल केलं की येत नाही. मोठेबाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जणू मुलाला मिरगी येत असल्याचं उघडकीला आलं. लग्न झालं, चांगलं झालं, पण आजही माझे यजमान गावी गेले की खळ्याच्या बाजूला फिरकत नाहीत.

चुकणं हा प्रकार मोठेबाबांच्या प्रकृतीला मानवत नसे. एकदा सिंदेवाहीच्या स्टँडवर मूलची म्हणून बसले ती गाडी निघाली नागभीडची. दुसरा माणूस कंडक्टरशी भांडला असता किंवा वाटेत उतरला असता. मोठेबाबा शांतपणे नागभीडपर्यंत गेले, तिथे एक दोर विकत घेतला आणि संध्याकाळी घरी येऊन तो दोर खुंटीला टांगत म्हणाले, "दोर पाह्यजे होता, म्हणून नागभीडले गेल्तो." अशा दोरांनी, खराट्यांनी आणि नको असलेल्या कंदिलांनी आमचं घर भरलेलं होतं. मी लहान असताना मला वाटायचं मोठेबाबा फार बाजारहाट करतात. नंतर कळलं की घरातली एकेक वस्तू म्हणजे त्यांची एकेक न झालेली चूक आहे.

या माणसाबरोबर मोठ्याईने संसार केला. मोठ्याई म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली काकू. तिचं भांडण कुणी ऐकलं नाही. तिच्याकडे दोनच शब्द होते, "हो जी." मोठेबाबा म्हणायचे आज भाजीत मीठ कमी, ती म्हणायची हो जी. ते म्हणायचे सरकार चुकून राह्यलं, ती म्हणायची हो जी. ते म्हणायचे पोळा उद्या नाई, आज हाय, ती म्हणायची हो जी, आणि पोळा उद्याच करायची. पण त्या घरात तिचं असं काही नव्हतं हे मला दिसायचं. बांध्या म्हणजे धानाची खाचरं त्यांची, धान त्यांचं, पुंजणं तर त्यांचंच. गाव त्यांना भाऊ म्हणायचं. गावातल्या बुद्धविहारात जेवण असलं की भात आमच्या घरून जायचा आणि जेवून उठलेला प्रत्येक जण हात धुता धुता म्हणायचा, "भाऊचं धान म्हणजे भाऊचं धान." रोवणीत कंबर मोडेस्तोवर वाकलेली बाई तिथेच उष्टी ताटं उचलत असायची.

आणि एका वर्षी मोठ्याई सूर्यफूल लावायचं म्हणाली. विहिरीजवळचा एक तुकडा उन्हाळ्यात पडीकच असायचा. बचत गटात कुणी कृषीवाल्या बाई येऊन सांगून गेल्या होत्या, बियाणंही देऊन गेल्या होत्या. मोठेबाबांनी विचारलं, "काऊन? बगीचा लावतेस का म्हातारपणी?" ती म्हणाली, "हो जी," आणि पेरून मोकळी झाली. गावात मोठेबाबांनी खुलासा केला की हे तेलाचं धान आहे, आणि ते आपण मुद्दाम लावायला सांगितलं.

पीक फुलावर आलं तेव्हा मोठेबाबांची खरी पंचाईत झाली. तो पिवळा तुकडा रस्त्यावरून दिसायचा. जाणारी-येणारी पोरं मोटरसायकल थांबवून फोटो काढायची. एकदा तर नवीन लग्न झालेलं जोडपं फोटोग्राफर घेऊन आलं, नवरी फुलांत उभी आणि नवरदेव गुडघ्यावर. मोठेबाबा बांधावर बसून हा तमाशा बघत होते. मला म्हणाले, "सारा जलम गेला, पन धानाचा फोटो काहाडाले कोनी आलं नाई." धानाचा इतका अपमान त्यांनी कधी पाहिला नव्हता. तरी फुलांत दाणे भरले, पोपटांचे थवे उतरायला लागले, तसे तेच रोज डबा बडवत तिथे उभे. मी विचारलं, "मोठेबाबा, राखण करता का?" "राखन कायले? हवा खाऊन राह्यलो," म्हणाले, आणि डबा असा बडवला की पोपटांबरोबर मीही दोन पावलं मागे सरकले.

इकडे मोठ्याईने एक धाडस केलं. बुद्धपौर्णिमेला विहारात सगळ्या गावाचं जेवण असतं, त्याच्या बैठकीत ती उठून उभी राहिली. ती कधी बोलत नसे, त्यामुळे लोकांना वाटलं पाणी आणायला उठली. ती म्हणाली, "यंदा पुऱ्या माया तेलाच्या. माया वावरातल्या." शेजारची कमलबाई, जिचं गावातलं काम दुसऱ्याच्या दुधात विरजण टाकणं हेच आहे, लगेच म्हणाली, "बाई, फुलं पाहून पुऱ्या तळून नाई होत. शेवटी पाकिटाचंच तेल आनाव लागन, पाहाजा." सगळ्या बाया हसल्या. मोठ्याई हसली नाही. त्या दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ वावरात जाऊन फुलांच्या पाठी बघून यायची. मला तिने कधी म्हटलं नाही, पण मला कळत होतं. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, लोकांनी जेवून उठताना तिचं नाव घ्यावं एवढंच तिला हवं होतं.

सूर्यफूल कापायचं कधी हे त्याच्या तोंडावर दिसत नाही, पाठीवर दिसतं. पाठ हिरवी असते, मग लिंबासारखी पिवळी होते, मग तपकिरी पडायला लागते. तेव्हा मुंडकी कापायची. पण तीही आतून ओलीच असतात. म्हणून लगेच उन्हात एकेक मोकळी पसरायची, उलटीपालटी करायची, खडखडीत वाळली की काठीने बडवायची. दाणे पाखडायचे आणि पुन्हा पातळ पसरून वाळवायचे. हे मोठ्याईने ऐकून पाठ केलं होतं. नेमकं कापणीच्या वेळी तिच्या बहिणीच्या घरचं लग्न आलं, राजुऱ्याला. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. मी सुट्टीवर होते, मलाच तिच्याबरोबर जावं लागलं. निघताना ती मोठेबाबांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. "कापून आना, आंगणात पसरवून ठेवा. ढीग नका लावजा, जी."

"तू मले शिकवतेस?" मोठेबाबा म्हणाले.

"हो जी," ती म्हणाली. सवयीने म्हणाली, पण त्या दिवशी ते उत्तर अगदी नेमकं बसलं.

लग्नात आमचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, वारा सुटला, मांडवाचं कापड उडालं. लोक नवरीच्या साडीची काळजी करत होते, मोठ्याई उत्तरेकडे बघत उभी होती. "तिकडं बी पडून राह्यला असन का वो?" मला विचारायची. मी कशाला सांगू की पडत असेल. म्हटलं, तिकडे ऊन असेल. अक्षता पडल्या, जेवणं झाली, पाठवणी झाली. मिळेल त्या गाडीने आम्ही परत निघालो.

आंगणात शिरलो तर समोर पुंजणं.

मी खोटं कशाला बोलू, देखणं होतं. सगळी मुंडकी गोल रचलेली, दाणे आत, पाठी बाहेर, एकावर एक चढत गेलेली, वर उतार आणि उतारावर तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, नीट टोपी. पाऊस येऊन गेला होता, आंगणात चिखल होता, आणि पुंजण्यात एक थेंब शिरला नव्हता. बाजूला मोठेबाबा कमरेवर हात ठेवून उभे. त्यांना वाटलं होतं आम्ही फेरी मारून थोपटून बघू. "आभाळ आलं," म्हणाले, "सारं गाव पळापळ करून राह्यलं होतं. मीनं म्हटलं, ह्या बाईचं तेल भिजाले नाई पाह्यजे. एकट्यानं लावलं." त्या वयात एकट्याने, विजा कडाडत असताना. आता यावर काय बोलायचं सांगा. माणूस मूर्खपणा करतो तेव्हा निदान प्रेमाने तरी करू नये, आपल्याला चांगलं रागावताही येत नाही.

मोठ्याईने पिशवी खाली ठेवली. दोन मुंडक्यांच्या मधून हात आत घातला आणि झटकन बाहेर काढला. मीही घातला. आत चुलीच्या राखेसारखं ऊन होतं. ओली फुलं एकमेकांना घट्ट दाबून आत उकडत होती, आणि आंबलेल्या भाताचा असतो तसा वास येत होता.

"गरम हाय ना?" मोठेबाबा खुशीत म्हणाले. "म्हणजे पिकून राह्यलं."

मोठ्याई चिखलात खाली बसली. नवी साडी होती, लग्नात आहेराची मिळालेली, तिच्यासकट बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "हे धान नाई होय, जी."

एवढी वर्षं ते वाक्य त्यांना कुणी ऐकवलं नव्हतं. मी मनात म्हटलं, आता नागभीडचा दोर निघणार. आता ते म्हणतील, मुद्दाम गरम केलं, तेल जास्त निघते. मोठेबाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःचा हात कोपरापर्यंत आत घातला आणि तसाच ठेवला. बराच वेळ. बाहेर काढला तेव्हा बोटांना पांढरी बुरशी लागलेली होती. त्यांनी ती धोतराला पुसली नाही. शिडी आणली, वर चढले, आणि स्वतः लावलेलं पुंजणं स्वतःच्या हाताने वरून मोडायला लागले.

मग आमचं जे काही चाललं ते विचारू नका. आंगणात, गल्लीत, कौलांवर, विहाराच्या ओट्यावर, जिथे ऊन तिथे सूर्यफुलं. काळी पडलेली मुंडकी वेगळी काढून फेकायची, बाकीची पसरायची, उलटायची, पुन्हा उलटायची. मोठेबाबा छत्री घेऊन मधोमध बसलेले, पोपट दिसला की पोपटाला आणि माणूस दिसलं की माणसाला हाकलत. मुंडकी वाळल्यावर आम्ही बडवली, मोठ्याईने सुपाने पाखडलं, दाणे ताडपत्रीवर गेले. दाणा वाळला का हे बघायला तो दाताखाली फोडतात. कट्ट वाजला तर वाळला, नुसता दबला तर नाही. हे समजल्यापासून मोठेबाबा दिवसभर दाणे फोडत बसायचे. मोठ्याई शेवटी म्हणाली, "थोडे घाण्याले ठेवा, जी." ते ओशाळून हसले. त्यांना ओशाळताना मी पहिल्यांदा बघितलं, आणि खरं सांगते, मला ते अजिबात बघवलं नाही.

पुऱ्यांना पुरेल इतकं तेल निघालं. पण त्याला वास होता. तेलघाणीवाल्याने डब्याचं झाकण उघडून नाक आखडलं आणि ते परत बंद केलं. मी मोठ्याईला म्हटलं, पाकिटाचं आणू या, कुणाला कळतंय? ती म्हणाली, "मले कळन ना." मग काय, तेच तेल कढईत पडलं.

पौर्णिमेला वंदना झाली, खीर वाढून झाली, पंगत बसली. गरम पुऱ्या ताटात पडल्या. पहिला घास घेतल्यावर पंगतीत जी शांतता पसरली ती ध्यानाची नव्हती हे मी खात्रीने सांगू शकते. लोक चावत होते आणि एकमेकांकडे बघत होते. कमलबाईला एवढी सोन्यासारखी संधी आयुष्यात मिळाली नसेल. ती गोड आवाजात म्हणाली, "काही वास येऊन राह्यला का वो? का मलेच येऊन राह्यला?" मोठ्याई कढईजवळ झारा हातात धरून उभी होती. झाऱ्यातून तेल तिच्या पायावर ठिबकत होतं तरी तिला भान नव्हतं.

पुरुषांच्या पंगतीत मोठेबाबा उठले. उष्ट्या हाताने, ताट ओलांडून. म्हणाले, "वास येऊन राह्यला. पन तो तेलाचा नाई, माहा हाय." लोकांना काही समजेना. "पीक तिचं चोख होतं. तिनं सांगतलं होतं, ढीग नका लावजा. मीनं पुंजनं लावलं. मी चुकलो." मग खाली बसले आणि म्हणाले, "वाढा आता पुऱ्या."

आमच्या गावात दिवसाढवळ्या वाघ आला होता तेव्हा लोक इतके गप्प झाले नव्हते. मग कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने पुरी मागितली, मग दुसऱ्याने. मोठेबाबांनी स्वतः इतक्या खाल्ल्या की रात्रभर त्यांना ओवा द्यावा लागला. लोक हात धुता धुता म्हणत होते, "बाईचं पीक चांगलं होतं म्हनते." मोठ्याई कढईमागे तोंडाला पदर लावून बसली होती. मी विचारलं, रडतेस का? पदर काढला तर हसत होती. पुढच्या आठवड्यात मोठेबाबांनी पारावर दुरुस्ती केलीच, की चूक तशी आभाळाची होती, आपण फक्त कबूल केली. पण तोवर उशीर झाला होता, गावाने ऐकलं होतं.

त्याच हिवाळ्यात ते गेले. चार दिवसांचा ताप, सिंदेवाहीचा दवाखाना, मग चंद्रपूरचा, आणि संपलं. आजारात शेवटपर्यंत डॉक्टरला सांगत होते की ताप नाही, अंगात ऊन उतरलंय. खळ्यावर त्यांनी लावलेलं धानाचं पुंजणं तसंच उभं होतं. ते चुरायला सगळं गाव आलं. आत एक दाणा काळा नव्हता. मी खूप रडले. इतकं चीड आणणारं, इतकं अडेलतट्टू माणूस आपल्याला इतकं हवं असतं हे मला तेव्हा कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

उन्हाळ्यात मोठ्याईने पुन्हा सूर्यफूल लावलं. पोपट तिनेच हाकलले, पाठी तिनेच बघितल्या. आभाळ येण्याचा पत्ता नव्हता, ऊन कडकडीत होतं. मुंडकी तिने मोकळी पसरली, वेळेवर उलटली, ती खडखडीत वाळली. दाणा दाताखाली कट्ट वाजायचा. तेल पाण्यासारखं नितळ निघालं. पौर्णिमेच्या पंगतीत पुऱ्या वाढल्या आणि सगळे खुशीत खायला लागले. या वेळी कमलबाईसुद्धा मनापासून बोलली. "बाई, काय तेल काहाडलं वो! यंदा काहीच वास नाई."

मोठ्याई माझ्या बाजूलाच जेवायला बसली होती. तिने हातातली पुरी नाकाजवळ नेली, वास घेतला, पुन्हा घेतला. "हो ना," म्हणाली, "यंदा नाईच येऊन राह्यला." आणि पुरी ताटात ठेवून सगळ्या पंगतीदेखत ढसाढसा रडायला लागली.